कारण : पीकसंरक्षण

अर्जाच्या अकराव्या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं
एकाहत्तर साली, टाकाच्या शाईनं :
पीकसंरक्षण.
खाली मनोरीच्या तलाठ्याचा गोल शिक्का,
निम्मा उमटलेला.

तेव्हा खाडीला लागून आमची सव्वा एकर खारजमीन होती
आणि बांधात घुशी.
घूस भात खाते, ते सोडा.
घूस बांध पोखरते,
आणि एखाद्या उधाणाच्या रात्री
त्या बिळातून समुद्र शेतात शिरतो.
मग तीन वर्षं नुसतं मीठ पिकतं.

म्हणून इनास मिस्किटाची ही रायफल :
पॉइंट टू टू, बोल्ट ॲक्शन,
पाच गोळ्यांचं मॅगझिन, अक्रोडाचा दस्ता.

बाबा गोदीत फिटर. दोन थाऊचा फरक
त्यांच्या अंगठ्याला कळायचा.
दहाची कोरी नोट घेऊन
नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीतून
टोकापासून मागे ओढत न्यायचे.
अडली, की पेन्सिलीची खूण.
मग सॉकेटला पॉलिशपेपर गुंडाळून घासणं,
फुंकणं, पुन्हा नोट.
आषाढात खारी हवा पिऊन दस्ता फुगला
की हे सगळं पहिल्यापासून.
"नळीला कुणी शिवायचं नाय, बाय.
ती थरथरणार. तिची तिला थरथरू दे."

ट्रिगरचं वजन आईच्या ताणकाट्यावर,
ज्यावर ती बाजारात सुरमई तोलायची.
सव्वा किलोला सुटला पाहिजे, ना आधी ना नंतर.
आई ओरडायची, काटा धुऊन ठेवा,
माझ्या बोंबलांना मशीनच्या तेलाचा वास येतो.

नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा
दुर्बिणीतून घुशीच्या मिशा बघितल्या.
एकेक वेगळी. पहाटेच्या उजेडात ओल्या.
गोणपाटाच्या रेतीवर बाबांचा श्वास अर्ध्यात थांबला.
"नेम हुकला तर पाप. लागला तर काम."
काम झालं.
मी शेपटीला धरून नेली, अजून ऊबदार होती.
घरी आल्यावर दोनदा हात धुतले, आणि पेज प्यायले.

दर निवडणुकीला आचारसंहिता लागली
की ती ठाण्यात जमा, पावतीवर.
दीड महिन्यानं परत यायची तेव्हा
बोल्टवर गंजाचा एखादा ठिपका, तिळाएवढा.
बाबा त्या दिवशी कोणाशी बोलत नसत.
पोरीला सासरी मारलं असतं
तरी याहून जास्त काय बोलले असते, ठाऊक नाही.
मला मारलं होतं. तेव्हाही
ते असेच गप्प राहून काहीतरी घासत बसले होते.

आता वारसाचा परवाना. माझा फोटो, माझे ठसे.
साहेबांनी कागद उलटला.
"पीकसंरक्षण? कुठलं पीक, मॅडम?"

मी खरं सांगितलं.
सव्वा एकरात लॉन आहे, लग्नांचं.
पीक म्हणाल तर हळदीचा डीजे,
डिसेंबर ते मे.

ते हसले नाहीत, चांगला माणूस.
"मग क्रीडा लिहा," म्हणाले.
मी एक रेघ मारली. बाबांच्या अक्षरावर नाही,
नव्या अर्जावर, जिथं मी सवयीनं तेच लिहिलं होतं.

रविवारी वरळीच्या रेंजवर जाते.
पन्नास मीटर. पाच गोळ्या.
भोकं एकमेकांत इतकी मिसळलेली
की रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात.
शेजारचा मुलगा विचारतो, आजी, कोणी ट्यून केली?
मी म्हणते, हवेनं.

परवा लॉनच्या मागं गेले होते.
बांध आहे अजून. बिळंही.
एक घूस, वऱ्हाडाचा जीरा राईस खाऊन गुबगुबीत,
माझ्याकडे बघत बसली.
माझे हात मोकळे होते.
पौर्णिमेला चार दिवस होते.
आत पाणी आलं तर कोणाचं काय बुडणार,
हा हिशेब मी करायला घेतला
आणि अर्ध्यात सोडला.

जुनी दहाची नोट मी बोल्टच्या डब्यात जपलीय,
कडा तेलानं काळ्या.
आज सकाळी सहज फिरवून बघितली.

पुढून चार बोटांवर अडली.

पेन्सील कुठं ठेवली मी?